नोंदीतली राखणदार

ग्रिम्सबी, शनिवार, सकाळचे साडेनऊ.
समुद्राकडून आलेलं धुकं अजून गल्लीतून हललेलं नाही.
टेबलावर गाडीचा तांबडा कागद उलगडून ठेवलाय,
घडी मिटू नये म्हणून वर मिठाची बरणी.

कागद पहिल्याच पानावर हात झटकतो:
हा मालकीचा पुरावा नव्हे.
गाडीचं कोण बघतं, एवढीच नोंद.
इंग्रजीत कीपर.
पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला वेंगुर्ल्याचा शब्द आठवला,
राखणदार,
आणि एकटीच हसले होते.
आमचा राखणदार वडाखाली असतो,
विडी ओढतो, वर्षाला एक कोंबडा घेतो.
मी वर्षाला एमओटी करून घेते.

पूर्वीचे राखणदार: दोन.
एक ब्लँचर्डबाई. ही मायक्रा त्यांनी नवी घेतली
आणि सहा वर्षं फक्त चर्चला आणि केस कापायला नेली.
दुसरे हे.
नाव नाही कुठे. नुसता आकडा.
हे गेले तेव्हा स्वॉन्सीला पत्र लिहिलं होतं मी.
नातं काय ते कळवा, म्हणाले.
एका ओळीत मावलं.
तीन आठवड्यांनी माझ्या नावाचा कागद आला
आणि त्या रकान्यात एकाचे दोन झाले होते.

आता माझ्यामुळे तीन होतील.
डोळ्यांचे डॉक्टर मार्चात म्हणाले,
मध्यभागी डाग आहे, कडा शाबूत आहेत.
कडांवर गाडी चालवता येत नाही.

कीली आलीय. बावीस वर्षांची, ॲम्ब्युलन्सवर शिकाऊ.
पाकिटात नऊशे पौंड, वर केसांचा रबर बँड.
मोजा, म्हणते.
मी मोजत नाही.
मग मोजते.

सांगते तिला:
मागचं डावं दार आतूनच उघडतं.
तिसरा गिअर थंडीत रुसतो, ओढायचा नाही, थांबायचं.
डिकीत मासळीचा वास आहे, तो जाणार नाही,
दहा वर्षं दर शुक्रवारी गोदीवरून हॅडॉक.
ती विचारते, शेजारची सीट इतकी मागे का झुकलीय?
यांना बसवत नसे, कॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलला जाताना.
पुलावर आलो की विचारायचे, आता खाली पाणी आहे का?
आहे, म्हणायचे मी. भरपूर.
सरळ होते ती, कीलीला म्हटलं,
उजव्या हाताला खाली कळ आहे.
कळ मला माहीत होती.
दाबली नव्हती.

अकरा आकडे तिनं वाचले, मी बोटानं चाचपत फोनवर टाकले,
दोनदा चुकले.
मग हिरवी चिठ्ठी ठिपक्यांवरून फाडून तिला दिली.
थोडी वाकडी फाटली.
फोन म्हणाला, आपण आता या वाहनाच्या राखणदार नाही.
रस्त्याचा कर गाडीसोबत जात नाही म्हणे,
उरलेले पाच महिने चेकने घरी येतील,
न मागता.
म्हणजे उरलेले महिने परत देणारं
एक तरी खातं आहे.

ती बसली. सीट पुढे घेतली, आरसा वाकवला,
मला वाटलं होतं त्याहून पटकन.
मी बॉनेटवर हात ठेवला, गारेगार होतं,
आणि ओठांतल्या ओठांत गाऱ्हाणं घातलं:

बा देवा म्हाराजा,
आज ह्या गाडयेची राखण ह्या चेडवाकडे गेली आसा.
तिका धुक्यात वाट दाखय.
तिसरो गिअर रुसलो तर तेची समजूत घाल.
माझ्या हातान काय चुकला माकला आसात
तर पदरात घे रे म्हाराजा.

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी व्हय म्हणावं लागतं.
गावी पन्नास गळे असतात.
इथे कचऱ्याचे दोन डबे, शेजारच्यांचं मांजर,
आणि मी, हातात उरलेला तांबडा कागद.

टपालपेटीच्या वळणावर, दिसेनाशी होता होता,
कीलीनं दोनदा हॉर्न वाजवला.